सर, ह्ये कशावरनं?

पत्र :

आदरणीय बाई,

कोल्हापूरजवळच्या एका अध्यापक विद्यालयात मी गेल्या वर्षी रुजू झाले. डी.एल.एड.च्या, म्हणजे प्राथमिक शिक्षक होण्यासाठीच्या पदविकेच्या, मुलामुलींना सामाजिक शास्त्रांचं अध्यापन शिकवते. गणिताच्या सराव पाठाला ही मुलं आठ-आठ दिवस तयारी करतात. परिसर अभ्यास किंवा इतिहास म्हटलं की ‘त्यात काय, वाचून दाखवायचं आणि खालचे प्रश्न विचारायचे’ असं त्यांना वाटतं. पाठाची टाचणं, म्हणजे तासाची लेखी आखणी, तर एकाच जुन्या वहीवरून वर्षानुवर्षं उतरलेली.

मागच्या महिन्यात एका छात्राध्यापकाचा, म्हणजे आमच्या शिकाऊ शिक्षकाचा, चौथीच्या वर्गावर पन्हाळ्याच्या वेढ्याचा पाठ होता. आवाज खणखणीत, तक्ता सुंदर, मुलं रंगून गेलेली. मध्येच एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, ह्ये कशावरनं? कुणी बघिटलंय?” वर्ग हसला. सर म्हणाले, “पुस्तकात दिलंय. खाली बस.” पाठ पुढं सरकला. निरीक्षण तक्त्याप्रमाणे मी चांगले गुण दिले, पण तो प्रश्न डोक्यातून जात नाही. खरं सांगायचं तर काय उत्तर द्यायला हवं होतं, हे मलाही सुचलं नव्हतं.

टाचणाचा नमुना बदलता येणार नाही, असं प्राचार्य सांगतात. विद्यार्थी विचारतात, “मॅडम, हे टीईटीला (शिक्षक पात्रता परीक्षेला) येणार का?” अशात उद्याचे शिक्षक या विषयासाठी कसे तयार करायचे?

— एक अध्यापिका, कोल्हापूर

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचून मी आधी त्या चौथीतल्या मुलाचा विचार करत बसले. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला विचारावा असा सगळ्यात चांगला प्रश्न त्यानं विचारला, आणि त्याला खाली बसावं लागलं. वर्ग हसला तो बहुधा त्याच्या ‘ह्ये कशावरनं’ या बोलीला. बोलीला हसू आलं की प्रश्न ऐकूच येत नाही. आपल्या छात्राध्यापकांचे कान आधी यासाठी तयार करायला हवेत, कारण आजरा-चंदगडचं, शाहूवाडीचं, शिरोळचं मूल आपापल्या बोलीतच विचारणार.

त्या छात्राध्यापकावर मात्र रागावू नका. बारा-पंधरा वर्षं त्यालाही कुणीतरी ‘पुस्तकात दिलंय’ म्हणूनच शिकवलं. माझंही तसंच झालं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी भोगावतीकाठच्या एका गावात मी पंचगंगेच्या उपनद्या शिकवत होते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती, असं फळ्यावर लिहून मुलांकडून पाच-पाच वेळा म्हणून घेतलं. तास संपताना मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, “बाई, भोगावती आमच्या सोप्यात आली हुती.” मी म्हणाले, “बरं, आता वहीत लिहा.” ज्या नदीचं नाव मी घोकून घेत होते, ती नदी त्या मुलीच्या घरात शिरलेली होती आणि मला एक प्रश्न विचारावासा वाटला नाही. पाणी किती वर आलं? कुणाकडे राहायला गेलात? जनावरं कुठं बांधली? जुन्या माणसांना ते आधी कसं कळलं होतं? सगळा भूगोल आणि अर्धं नागरिकशास्त्र त्या सोप्यात होतं. ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. म्हणून तुमची झोप उडाली याचं मला वाईट वाटलं नाही.

आता मुद्द्याचं. पन्हाळ्याच्या त्या प्रश्नाला काय सांगता आलं असतं?

आधी तर प्रामाणिकपणे एवढंच : “छान विचारलंस. मला आत्ता सांगता येत नाही, उद्या शोधून सांगतो.” हे वाक्य आपल्याकडे शिक्षकाच्या तोंडी येत नाही, कारण ते म्हणायचा सरावच नसतो. सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे एकेका कौशल्याच्या छोट्या सराव पाठांत, प्रस्तावना, स्पष्टीकरण, फलक लेखन ही कौशल्यं आपण घोटवून घेतो. मग याचाही सराव घ्या. एक छात्राध्यापक पाठ घेईल, बाकीचे मुलं होऊन अडचणीचे प्रश्न विचारतील. उत्तर येत नसेल तर ते कबूल करून, प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून पुढं जायचं. लिहिलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी पुसायच्या आधी त्याचं उत्तर आलंच पाहिजे.

आणि खरं उत्तर? तेही आहे, आणि चौथीच्या मुलाला समजेल असं आहे. १६६० साली शिवाजी महाराज गडावर असताना आदिलशाही सरदार सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन त्याच्या मदतीला आले होते. त्या इंग्रजांच्या कंपनीचा पत्रव्यवहार शिल्लक आहे. म्हणजे महाराजांच्या विरुद्ध बाजूला उभ्या असलेल्या माणसांच्या कागदांतही हा वेढा सापडतो. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरवर चाल केली, यालाही मग अर्थ येतो. सभासदाची बखर आहे, पण ती महाराजांच्या निधनानंतर, राजाराम महाराजांच्या काळात लिहिली गेली. गडावर अंबरखान्याची गंगा, यमुना आणि सरस्वती ही धान्याची कोठारं आजही उभी आहेत. त्यांच्यात उभं राहिलं की वेढा इतके महिने कसा झेलला, हे मुलांना सांगावंच लागत नाही. आणि महाराजांचं सोंग घेऊन प्राण देणाऱ्या शिवा काशीद यांची आठवण आहे. ती इथल्या माणसांनी पिढ्यानपिढ्या जपली, त्यांची समाधी राखली, पोवाड्यांतून गायली.

वेढ्याच्या वेळचं पत्र, नंतर लिहिलेली बखर, दगडातली वास्तू आणि लोकांनी जपलेली आठवण, ही चारही वेगवेगळ्या तऱ्हेनं बोलतात. एक खरी आणि बाकीच्या खोट्या असं नाही. कोण, कधी, कुठून सांगतंय एवढंच मुलानं विचारायला शिकायचं. काही छात्राध्यापक घाबरतात, की महाराजांच्या पाठात ‘कशावरून’ विचारलं तर घरचे काय म्हणतील. माझा अनुभव असा, की इंग्रजांच्या कागदातही वेढा आहे हे ऐकल्यावर मुलांचे डोळे आणखी मोठे होतात. आदर कमी होत नाही.

पण चौथीतल्या मुलापुढं पुराव्याची चर्चा एकदम पन्हाळ्यापासून सुरू करू नका. त्याच्या स्वतःच्या जन्मतारखेपासून करा. तुमच्या छात्राध्यापकांकडूनच आधी करून घ्या. “तुमचा जन्म कधी झाला? कशावरून?” कुणी म्हणेल, आई सांगते. कुणी जन्मदाखला काढेल, कुणी शाळा सोडल्याचा दाखला. मग म्हणा, “आता आजोबांची तारीख सांगा.” वर्गातल्या कितीतरी जणांच्या आजोबांचा वाढदिवस १ जूनला निघेल. असं का? इतकी माणसं एकाच दिवशी जन्मली? हसतील. मग कुणीतरी सांगेल, की शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसायची, म्हणून गुरुजी १ जून टाकायचे. सही-शिक्क्याचा कागद समोर आहे आणि तो चुकीचा आहे! आणि पणजी जे सांगायची, “जोंधळ्याची सुगी चालली हुती, थंडी मरणाची,” ते बहुधा बरोबर आहे, कारण आमच्याकडे जोंधळा काही जूनमध्ये काढत नाहीत. मी हा तास पंचवीसेक वर्षं घेतला. दरवर्षी एक तरी मुलगी घरी जाऊन आजीशी तासभर बोलून यायची आणि दुसऱ्या दिवशी सांगताना तिचा आवाज बदललेला असायचा. एवढं एकदा स्वतः अनुभवलं की ‘पुस्तकात दिलंय’ हे उत्तर तोंडातून सहज निघत नाही.

म्हणून माझा आग्रह असा आहे, की टाचण लिहायला शिकवण्याआधी तुमच्या मुलांना एक गोष्ट स्वतः शोधून काढू द्या. ज्यानं आयुष्यात काही शोधलेलं नाही तो दुसऱ्याला शोधायला कसं शिकवेल? शोध मोठा नको. गावातल्या एका पाराचा, एका विहिरीचा, तालमीचा, दूध संस्थेचा. पंधरा दिवस द्या. तीन माणसांशी बोला, एक कागद मिळवा, एक वस्तू बघा, आणि जिथं दोन माणसांचं सांगणं जुळत नाही ती जागा दाखवा. गुण द्यायचे तर शेवटच्या गोष्टीला सगळ्यात जास्त द्या.

कोल्हापूरसारखं गाव आपल्या हाताशी आहे, तर त्याचा उपयोग करून घ्या. सत्राच्या पहिल्या महिन्यात सगळ्यांना टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात घेऊन जा. सगळं संग्रहालय दाखवू नका. नेमकी तीच चूक आपण सहलीत करतो : रांग लावायची, एका दारानं आत, दुसऱ्या दारानं बाहेर, आणि मग ‘सहलीचे वर्णन’ लिहायचं. तुम्ही त्यांना फक्त ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेल्या कांस्यवस्तूंपुढं थांबवा. त्यात पोसायडनची छोटी मूर्ती आहे. पोसायडन हा ग्रीकांचा समुद्रदेव. पाटी वाचू न देता वीस मिनिटं नुसतं बघायला सांगा. कपडे आहेत का? हात कसा आहे? आपल्याकडच्या देवासारखा दिसतो का? मग विचारा : समुद्राचा हा देव घाटावर, पंचगंगेच्या काठाला कसा आला?

इथं तुम्ही गप्प राहायचं. त्यांचे अंदाज येऊ द्या. कुणी विकत आणला, कुणी भेट दिला, कुणी इथंच ओतला, कुणी परदेशी व्यापारी येऊन राहिला. प्रत्येक अंदाजाला एकच प्रश्न : तसं असेल तर आणखी काय सापडायला हवं? मग त्याच उत्खननात मिळालेला आरसा, सुरई, हत्तीवर बसलेली माणसं हे दाखवा. आणि त्यानंतर सातवाहनांच्या काळातला रोमशी चालणारा व्यापार, कोकणातली बंदरं, घाटवाटा हे सांगा. आता ते ऐकतील, कारण आता ते उत्तराची वाट बघत असतील. तिथून चालत ब्रह्मपुरीच्या टेकडीवर जा. लांब नाही. खाली पंचगंगा दिसते. दोन हजार वर्षांपूर्वी माणसांनी वस्तीला हीच जागा का निवडली, हे तिथं उभं राहून मुलंच सांगतात : पाणी जवळ, आणि पूर आला तरी उंचावर.

त्याच फेरीत भाऊसिंगजी रोडवर पाच मिनिटं थांबा. इथं गंगाराम कांबळे यांनी हॉटेल चालवलं आणि राजर्षी शाहू महाराज तिथं थांबून चहा घेत, सोबतच्यांनाही पाजत. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाच्या हातचा चहा छत्रपतींनी भर रस्त्यात प्यायचा, याचा त्या काळात काय अर्थ होता, हे वर्गातल्या बाकावर बसून कळत नाही. तुमच्या छात्राध्यापकांना तिथंच विचारा : “तुमच्या गावात आज कुणाच्या घरी कोण चहा घेत नाही?” उत्तर मोठ्यानं द्यायला लावू नका. वहीत लिहू दे, तुम्हालाही दाखवायची सक्ती नको. समतेचा पाठ घेणाऱ्याच्या मनात स्वतःच्या गावाचं चित्र एकदा तरी स्वच्छ उभं राहायला हवं. नाहीतर तो ‘सर्व माणसे समान आहेत’ हे वाक्य फळ्यावर लिहितो आणि पाणी आणायला ठरावीक मुलालाच पाठवतो. असे वर्ग मी पाहिले आहेत. पाठ घेणाऱ्याच्या ते लक्षातही आलेलं नसतं.

शाहू महाराजांचा पाठ आपल्याकडे वसतिगृहांची यादी आणि सनावळी यांत संपतो. खरं तर त्यातला एकच हुकूम घेतला तरी आठवडा पुरेल. १९१७ साली करवीर, म्हणजे कोल्हापूर, संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला गेला. एक रुपया! पाचवीतलं मूल म्हणेल, “एवढाच?” इथंच पाठ सुरू होतो. तेव्हा एक रुपयात काय यायचं? मजुराला दिवसाचे किती मिळायचे? हे कुठं कळेल? पालक मूल का पाठवत नसतील, गुरं कोण राखणार, धाकट्याला कोण सांभाळणार? आणि फक्त सक्तीनं काम झालं असतं का? दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, महाराजांनी अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांनी एकाच शाळेत बसायचा हुकूम काढला. आज तुमचा छात्राध्यापक ज्या वर्गासमोर उभा आहे, तिथली मुलं शेजारी शेजारी बसली आहेत, ती आपोआप बसलेली नाहीत. शिवाजी विद्यापीठानं शाहू महाराजांची कागदपत्रं खंडांमध्ये छापली आहेत. एखाद्या हुकमाचं एक पान झेरॉक्स करून वर्गात वाटा. जुनी भाषा अडखळत वाचू दे. अडखळण्यातच मजा आहे.

भूगोलाचं मला थोडं वेगळं सांगायचं आहे. आपले बहुतेक छात्राध्यापक कला शाखेतून येतात आणि नकाशाला घाबरतात. पहिल्याच तासाला कोऱ्या कागदावर आपल्या जिल्ह्याची बाह्यरेषा काढून बारा तालुके टाकायला सांगा. गगनबावडा पूर्वेला आणि शिरोळ पश्चिमेला गेलेला दिसेल. लाज वाटू देऊ नका, तो कागद जपून ठेवा आणि वर्षाच्या शेवटी पुन्हा काढायला सांगा.

मग त्यांना पावसाकडे न्या. एकाच जिल्ह्यात गगनबावड्याला घाटमाथ्याचा पाऊस कोसळतो आणि शिरोळला त्याच्या कितीतरी कमी पडतो. तरीही पुरात शिरोळ बुडतं. का? हा प्रश्न सातवीपर्यंतच्या कुठल्याही वर्गाला घालता येतो. पाऊस पडतो एकीकडे आणि पाणी साठतं दुसरीकडे, हे एकदा मुलाला उमगलं की नदीचं खोरं म्हणजे काय, हे व्याख्या न सांगता कळतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे आमच्या मुलांना पाढ्यांसारखे पाठ असतात. पावसाळ्यात रोज ती पातळी वर्गात लिहायची, आलेख काढायचा, वरच्या धरणातून पाणी सोडल्याची बातमी त्याच आलेखावर टिपायची. त्यासाठी पुस्तक लागत नाही. फक्त एक सांभाळायचं : चिखली-आंबेवाडीकडच्या किंवा शिरोळच्या मुलांनी २०१९ चा पूर अंगावर घेतलेला आहे. त्यांना ‘तुझा अनुभव सांग’ म्हणून उभं करू नका. ती स्वतःहून बोलली तर मात्र सगळं बाजूला ठेवून ऐका.

सूर्य, ऋतू, उत्तरायण-दक्षिणायन हा भाग सगळ्यांना अवघड जातो. अंबाबाईचा किरणोत्सव सगळ्यांना ठाऊक असतो, पण वर्गात तो क्वचितच येतो. मावळतीची किरणं ९, १० आणि ११ नोव्हेंबरला, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला देवीपर्यंत पोचतात. वर्षातून दोनदाच का? आणि नेमकं याच दिवसांत का? कॅलेंडर समोर ठेवा. १० नोव्हेंबरपासून २२ डिसेंबरपर्यंत दिवस मोजायला सांगा : ४२. २२ डिसेंबरपासून १ फेब्रुवारीपर्यंत : ४१. जवळजवळ सारखे! सूर्य मावळतीची जागा दक्षिणेकडे सरकवत जातो, २२ डिसेंबरच्या सुमाराला थांबतो आणि त्याच वाटेनं परत येतो. म्हणून जाताना एकदा आणि येताना एकदा तो मंदिराच्या सरळ रेषेत सापडतो. मी हे पहिल्यांदा दिवस मोजून पाहिलं तेव्हा मला स्वतःलाच काटा आला होता. ते मंदिर उभारणाऱ्या माणसांनी आकाश किती बारकाईनं पाहिलं असेल! तुमच्या विद्यालयाच्या अंगणात एक काठी रोवा आणि दर शनिवारी एकाच वेळेला सावलीच्या टोकाला खूण करा. जूनमध्ये सुरुवात केलीत तर दिवाळीपर्यंत मुलं आपोआप तिथं जमायला लागतील.

आणखी एक गोष्ट पत्रात नाही, पण मला सांगावीशी वाटते. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की बीडकडच्या ऊसतोड कामगारांची मुलं आपल्याकडच्या काही वर्गांत येऊन बसतात. आंतरवासितेत, म्हणजे शाळांतल्या प्रत्यक्ष सरावाच्या काळात, तुमचे छात्राध्यापक त्यांना भेटतील. बहुतेक वेळा त्या मुलाला मागं बसवलं जातं, कारण चार महिन्यांनी ते जाणारच. पण परिसर अभ्यासाच्या तासाला त्याच्याइतकं श्रीमंत मूल वर्गात दुसरं नसतं. त्यानं दोन वेगळे परिसर पाहिलेले आहेत. त्याच्या गावात पाणी कुठून येतं, माती कुठल्या रंगाची, पेरतात काय, इथं यायला किती वेळ लागला, वाटेत कुठले जिल्हे लागले, हे त्याला सन्मानानं विचारलं तर इथल्या बागायती मुलांना आपली पंचगंगा पहिल्यांदा दिसते. ‘वडील काय करतात’, ‘घरी कोण कोण असतं’ हे प्रश्न मात्र सगळ्या वर्गासमोर कुणालाच विचारू नयेत. वंशवृक्ष काढायला सांगतानाही जपावं. आईविना, वडिलांविना वाढणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात.

आता प्राचार्यांच्या नमुन्याबद्दल. त्यांच्याशी भांडण घेऊ नका, त्याची गरजही नाही. प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, मूल्यमापन हा सांगाडा तसाच राहू दे. टाचणाच्या डाव्या कोऱ्या पानावर दोनच ओळी सक्तीच्या करा : ‘मुलं काय विचारतील?’ आणि ‘मी हे कशावरून सांगतो आहे?’ दुसऱ्या ओळीत ‘पाठ्यपुस्तक’ लिहिलेलं चालणार नाही, एवढा एकच नियम. जुन्या वहीवरून टाचण उतरवता येतं, ही दोन उत्तरं येत नाहीत, कारण शाळा बदलली की मुलांचे प्रश्न बदलतात. निरीक्षण करताना तुमच्या वहीतही एक रकाना वाढवा : पाठ घेणाऱ्यानं प्रश्न विचारल्यावर तो किती वेळ थांबला. मी मोजलं आहे, आपण एक सेकंदही थांबत नाही आणि हुशार मुलाचं नाव घेऊन मोकळे होतो. मनात चार अंक मोजून थांबायला लावा. ती शांतता सुरुवातीला फार जड जाते. मग मागच्या रांगेतून हात वर यायला लागतात.

आणि जमेल तिथं तोच पाठ दुसऱ्या तुकडीवर किंवा दुसऱ्या शाळेत पुन्हा घ्यायला लावा. आपण वीस वेगळे पाठ घेतो आणि वीस वेळा तीच चूक करतो. एकच पाठ दोनदा घेतला की मधल्या रात्री माणूस विचार करतो.

टीईटीचं विचारणाऱ्या मुलांना तोडून बोलू नका. घरची परिस्थिती बेताची असते, वर्षानुवर्षं भरतीची वाट बघायची असते. पहिल्या पेपरात परिसर अभ्यासाला १५० पैकी ३० गुण आहेत, आणि सहावी ते आठवीसाठी दुसऱ्या पेपरात सामाजिक शास्त्रं निवडली तर ६०. त्यांना हे सरळ सांगा, आठवड्यातून एक तास प्रश्नसंचाला द्या. जिल्ह्याची बाह्यरेषा चारदा काढलेल्या मुलाला नकाशाचा प्रश्न अडत नाही, हे ती स्वतःच दुसऱ्या सत्रात तुम्हाला सांगतील.

ग्रामपंचायतीचा पाठ असेल त्या महिन्यात छात्राध्यापकांनी आपापल्या गावच्या ग्रामसभेला एकदा बसून यावं. आपल्या वॉर्डाचा सदस्य कोण, हेही अनेकांना माहीत नसतं. सभेत स्त्रिया किती आल्या होत्या, किती बोलल्या, एवढं मोजून आणलं तरी त्या दिवशीचा तास तुम्हाला घ्यावा लागणार नाही.

राहिला तो छात्राध्यापक आणि ते चौथीतलं मूल. छात्राध्यापकाला त्याच शाळेत, त्याच वर्गावर पुन्हा पाठवा. मुख्याध्यापकांना पंधरा मिनिटं मागून घ्या. त्यानं त्या मुलाचं नाव घेऊन सांगावं, “त्या दिवशी तू विचारलंस, मला येत नव्हतं. शोधून आणलंय.” मग राजापूरच्या इंग्रजांची गोष्ट सांगावी. उत्तर देऊन झाल्यावर त्या मुलाकडून पुढचा प्रश्न येईलच, तेव्हा त्याची तयारी नसली तरी चालेल. तुम्ही मागं बसून तो प्रश्न तेवढा लिहून घ्या आणि मला कळवा. पन्हाळ्याला सगळ्यांना न्यायचं ठरवलंत तर जुलैत नको, धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नाही. नोव्हेंबरात जा, सकाळी लवकर, म्हणजे अंबरखान्यात शांतपणे उभं राहता येईल.

तुमची,
बाई